एक सदस्य पाठमोरे

भजनाने मोक्ष मिळतो, असे संत सांगून गेले. भजन स्पर्धेने ढाल मिळते, आणि तीही फिरती. म्हणजे वर्षभर ती आपल्या कपाटात ठेवायची, ब्रासो लावून पुसायची, आल्यागेल्याला दाखवायची आणि पुढच्या वर्षी पदरचे भाडे खर्चून परत नेऊन दुसऱ्याच्या हातात द्यायची. मोक्षाचे तसे नाही. एकदा दिला की परत मागत नाहीत म्हणे. तरीसुद्धा आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मोक्षाच्या मागे लागलेली माणसे बोटांवर मोजावीत, आणि ढालीच्या मागे लागलेली भजनी मंडळे मात्र गल्लीला एक. भांडण झाले असेल तर दोन.

बरे, तुकोबांना कोणी शंभरापैकी गुण दिले नव्हते. इंद्रायणीकाठी कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसले नव्हते. आमच्या पुढ्यात मात्र तीन परीक्षक बसतात आणि त्यांच्या पुढ्यात छापील तक्ता असतो. स्वर २५, ताल २०, टाळांचा मेळ २०, शब्दोच्चार १५, एकूण परिणाम १०, बैठक व गणवेश १०. झाले शंभर. या तक्त्यात भक्तीचा रकाना नाही. तो का नाही, असे मी एकदा तात्यांना विचारले. तात्या आमच्या मंडळाचे व्यवस्थापक. ते म्हणाले, "भक्तीला गुण ठेवले तर सगळ्यांना पैकीच्या पैकी द्यावे लागतील. मग निकाल कसा लावायचा?" तात्यांची उभी हयात एका बँकेच्या वसुली खात्यात गेली. निकाल लागल्याशिवाय त्यांना कशाचीच गोडी लागत नाही.

आमचे मंडळ वाईचे. बुवा म्हणजे मुख्य गायक हे निवृत्त मास्तर. त्यांनी 'रामकृष्णहरी' म्हटले तरी हजेरी घेतल्यासारखे वाटते. पेटीवर डॉक्टर. पखवाजाला एक मुलगा आहे. तो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, वयाने आमच्या निम्म्याहून कमी आणि तालाने आमच्या दुप्पट. बाकी आम्ही दहा टाळकरी. त्यांतले ज्येष्ठ अण्णा. वय ७९, नोकरी पोस्टमनची, टाळ मंडळाच्या पहिल्या दिवसापासून. त्यांच्या शेजारी मी. माझ्याविषयी सांगण्यासारखे एवढेच की, मी त्यांच्या शेजारी बसतो.

सरावाला आम्ही मेणवलीला जमतो. वाईपासून चालत जाण्याजोगे अंतर. घाटाजवळ एका घराची ओसरी आम्हाला मिळाली आहे. घरात कटकट नको म्हणून आम्ही तिकडे जातो, असे आम्ही सांगतो. घरात कटकट नको म्हणून आम्हाला तिकडे पाठवले जाते, असे आमच्या घरची मंडळी सांगतात.

याच मेणवलीमुळे आमच्या भजनात चर्चची घंटा शिरली. आता भजनाचा आणि चर्चच्या घंटेचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण तो संबंध तिथे घाटावर ढळढळीत टांगलेला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. त्यांतली एक नाना फडणविसांच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर मेणेश्वरापाशी आहे. घंटा १७०७ सालची. अंगावर मेरी आणि बाळ येशू. मायलेकरू नानांच्या काळापासून शंकराच्या शेजाराला राहते आहे. शेजाऱ्यांचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. कोणीही वाजवली की घंटा वाजते. आमच्या सरावाला मात्र सहलीची मुले ती नेमकी समेच्या अलीकडे वाजवतात.

अशाच एका संध्याकाळी घंटा वाजली आणि डॉक्टर पेटी थांबवून म्हणाले, "आमची लेक तिकडे हेच करते."

डॉक्टरांची लेक इंग्लंडात असते. तिथे एका खेड्यात बिऱ्हाड केल्यावर ओळखीपाळखी व्हाव्यात म्हणून ती गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांच्या पथकात जाऊ लागली. ती प्रार्थनेला जात नाही, फक्त घंटेला जाते. त्यांनीही 'तुम्ही कुठल्या?' असे विचारले नाही. 'दोर ओढता येईल का?' एवढेच विचारले. वाईच्या मुलीला दोर ओढायला काय शिकवायचे? रहाटाचे पाणी काढलेल्या आजीची ती नात.

तिने फोनवर सांगितले आणि डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, ते असे. तिकडच्या मनोऱ्यात सहा किंवा आठ घंटा असतात, लहानीपासून मोठीपर्यंत. प्रत्येक घंटा चाकावर बसवलेली असते आणि ती पुरी गिरकी घेते. एका घंटेला एक दोर, एका दोराला एक माणूस. एवढी जड वस्तू एकदा फिरू लागली की मनाला येईल तेव्हा वाजवता येत नाही, म्हणून गाणे काही तिच्यावर वाजत नाही. मग ते काय करतात, तर क्रम बदलतात. आधी लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने, मग दर फेरीला शेजारशेजारच्या घंटांनी जागा बदलायच्या. एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. समोर कागद नाही, सगळे तोंडपाठ. सात घंटांचे असे ५,०४० क्रम होतात आणि ते पुरे वाजवायला तीनएक तास लागतात.

तात्यांनी तेवढ्यात बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आठ घंटांचे आठपट. चाळीस हजार तीनशे वीस. ते कोण वाजवणार?"

"वाजवलेत," डॉक्टर म्हणाले. "१९६३ साली, लफबरो गावात. आठ माणसे, जवळजवळ अठरा तास, मध्ये बदली माणूस नाही."

ओसरीवर शांतता पसरली. आमचा अखंड हरिनाम सप्ताह सात दिवस चालतो हे खरे, पण त्यात दर दोन तासांनी पहारा बदलतो आणि तेवढ्यात आम्ही उपासाची खिचडी खाऊन घेतो.

मास्तर म्हणाले, "आपल्याकडेही आहेत की तशा. पुण्याला पंचहौद मिशनच्या मनोऱ्यात. इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा." पंचहौद म्हटल्यावर मात्र आम्हा सर्वांना घंटा आठवल्या नाहीत, चहा आठवला. १८९० साली रानडे, टिळक आणि इतर पुणेकर तिथे गेले, पुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या चहावरून पुण्यात असे ग्रामण्य पेटले की प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. महाराष्ट्राचे हे असे आहे. चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा टांगलेल्या असतात, पण आमच्या कानांत पेल्यांचा आवाज राहतो.

"आणि त्याच्या स्पर्धा होतात," डॉक्टर म्हणाले. तात्या सावरून बसले. "गावोगावची पथके येतात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. परीक्षक मनोऱ्यात नसतातच. ते बाहेर कुठेतरी, आवाज नीट येईल अशा जागी बसतात. कोणते पथक वाजवते आहे, हे त्यांना कळू देत नाहीत. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे की नाही, एवढेच ते कानाने मोजतात. ज्याच्या चुका कमी, त्याचा पहिला नंबर."

"आणि बैठकीचे गुण?" तात्यांनी विचारले.

"दिसतच नाही तर बैठकीचे गुण कसले?"

तात्यांनी मान हलवली. ज्या स्पर्धेत बैठकीला गुण नाहीत, तिला ते स्पर्धा म्हणायला तयार नव्हते.

वास्तविक घंटा आणि टाळ ही एका गोत्राची भावंडे. दोन्हींत तांबे आणि कथील. एकाला मनोऱ्यात टांगले, दुसऱ्याला दोरी ओवून हातात दिले. आणि दोन्हींची मेख एकच आहे. पेटीचा सूर हळूहळू वर चढवता येतो. गळ्याला खाकरून वेळ काढता येतो. काशाचा ठोका मात्र एकदा पडला की पडला. दहा टाळांचा मिळून एकच 'छन्' झाला पाहिजे. आमचा गेले वर्षभर 'छ-छन्' होत होता.

तो दुसरा 'छन्' अण्णांचा होता.

अण्णांना ऐकू कमी येऊ लागले होते. कानाचे यंत्र आहे. पण ते घालून टाळ वाजवला तर कानात हातोडा बसतो. म्हणून भजनाच्या वेळी यंत्र खिशात जायचे आणि अण्णा पखवाजाच्या हाताकडे बघून वाजवायचे. हात पडला की त्यांना दिसायचा, दिसला की ते टाळ मारायचे. एवढ्यात केसाएवढे अंतर पडायचे. आमच्या गावात त्या केसाचे कोणाला काही वाटत नव्हते. एकादशीला पांडुरंगाने कधी तक्रार केली नाही. पण स्पर्धेच्या तक्त्यात टाळांच्या मेळाला २० गुण होते आणि तात्या वसुली खात्यातले होते.

तात्यांनी तोडगा काढला. "अण्णांना वीणा देऊ." बाहेरच्या माणसाला यात काही वावगे वाटणार नाही. वीणेचा मान केवढा! सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. वीणेकऱ्याच्या पाया पडतात. पण आमच्या मंडळात वीणा पाच वर्षे खुंटीला होती, तिची एक तार तुटलेली होती, आणि ती अण्णांनाच आत्ता का द्यायची, हे कळण्याइतके अण्णांचे कान चांगले होते.

अण्णा म्हणाले, "मानाला माझी ना नाही, तात्या. चाळीस वर्षे लोकांची पत्रे पोचवली, पाकिटावरून आतला मजकूर ओळखतो मी." मग थोडे थांबून म्हणाले, "सांगलीला येतो. टाळ घेऊन येतो. चुकतोय असे दिसले तर तुम्ही नुसती खूण करा, मी हात खाली ठेवीन."

खूण कोणी करायची, हे कोणी ठरवले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी शेजारी बसतो.

२०२५ च्या जानेवारीत, एका रविवारी, पहाटे पाचला आम्ही निघालो. दोन वडापच्या गाड्या ठरवल्या होत्या. वाई ते सांगली दीडशे किलोमीटर. पण आम्ही वाईकर सांगलीला परके होऊन जात नाही. महाबळेश्वरला निघालेली कृष्णा आमच्या घाटावरून जाते, कऱ्हाडला कोयनेला भेटते, आणि सांगलीला पोचते ती आमचेच पाणी घेऊन. पावसाळ्यात सांगलीचा माणूस आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढले ते बघतो आणि वरच्या अंगाच्या आम्हा लोकांकडे जरा संशयाने पाहतो. आम्ही तरी काय करणार? जानेवारीत मात्र आम्ही तिच्याबरोबर खाली जातो ते टाळ घेऊन.

ड्रायव्हर सातारचा होता. पाचवड सोडल्यावर त्याने विचारले, "काय वो काका, कंच्या देवाला?"

"देवाला नव्हे, स्पर्धेला."

"मंग जोरात जायला पायजे," तो म्हणाला आणि गाडी सोडली. गाडीत मास्तरांनी गळा तापवायला सुरुवात केली होती; ती त्यांनी बंद केली आणि मनातल्या मनात रामरक्षा धरली.

कऱ्हाडच्या अलीकडे चहाला थांबलो. डॉक्टरांच्या फोनवर लेकीचा निरोप आला होता. शुभेच्छा दिल्या होत्या आणि पुढे लिहिले होते की, त्यांच्या पथकाचा गेल्या खेपेला शेवटून दुसरा नंबर आला, सगळे खूश आहेत, कारण त्याआधी शेवटून पहिला असे. मग एक गंमत लिहिली होती. त्यांच्या मनोऱ्यातल्या एका घंटेची खोड आहे. दोर ओढला की ती बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा बोलते. नवा माणूस आला की हमखास फसतो. त्यावर उपाय एकच, तो दोर सगळ्यांच्या जरा आधी ओढायचा. घंटा बदलावी, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

डॉक्टरांनी हे मोठ्याने वाचले. तात्या बिलाचे पैसे मोजत होते. अण्णांनी ऐकले नसावे. ते बशीतला चहा फुंकत होते. पखवाजाचा पोरगा मात्र ग्लास तसाच ठेवून उठला आणि अण्णांच्या समोर जाऊन बाकावर बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"अण्णा," तो त्यांच्या कानाशी ओरडला, "माझ्या हाताकडं बघू नका. खांद्याकडं बघा."

"का रे?"

"हात पडायच्या आधी खांदा उठतो. कायम उठतो. खांदा उठला की तुम्ही टाळ सोडा. हात पडेस्तोवर तुमचा टाळ पोचतोय बघा."

मग त्या चहाच्या टपरीपुढे, एका बाजूला वडे तळले जात असताना, तो आपल्या मांडीवर भजनी ठेका वाजवू लागला आणि अण्णा टाळ मारू लागले. आठ मात्रांचे आवर्तन. पहिली दोन-तीन आवर्तने अण्णा घाईत पुढे गेले. चौथ्याला थोडे मागे आले. पाचव्याला मी वळून बघितले, कारण मला दोन आवाज ऐकू आले नाहीत. मेकॅनिक माणूस तो. कुठला भाग किती उशिरा उचलतो हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळते.

अडचण फक्त एकच होती. आमची बैठक ठरलेली होती. मध्ये मास्तर, त्यांच्या डाव्या हाताला पेटी, उजव्या हाताला पखवाज, आणि दोन्हीकडे पाच-पाच टाळकरी कमानीसारखे. या बैठकीचा तात्यांनी आलेख-कागदावर नकाशा काढला होता. त्या नकाशात अण्णा पखवाजाच्या ओळीत होते आणि त्यांना तिथून पखवाजाचा हात दिसत होता, खांदा दिसत नव्हता. खांदा दिसायचा तर अण्णांना समोर यावे लागणार, म्हणजे अण्णांची पाठ परीक्षकांकडे होणार.

"अशक्य," तात्या म्हणाले. "बैठकीला दहा गुण आहेत."

पेठ नाक्याला डावीकडे वळून आष्ट्यामार्गे सांगलीला पोचेपर्यंत गाडीत या एका विषयावर चर्चा झाली. अण्णा खिडकीतून ऊस बघत होते.

सांगलीत भजन म्हणायचे म्हणजे धाडस लागते. हे गाव आधीच नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हापासून इथल्या माणसाला समोरचा काय करतो आहे ते बारकाईने बघायची सवय लागलेली. त्यात मिरज दहा-बारा किलोमीटरवर. तिथे घरोघर सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सरकारलाही ते कळले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात विसावले. अशा मुलखात समोर बसलेला दाढीवाला म्हातारा हा नुसता म्हातारा आहे की तंबोऱ्याची जवारी काढणारा, हे कळायला मार्ग नसतो. आम्ही गाणे सुरू केले की तो मान हलवतो. पण ती होकारार्थी की नकारार्थी, हेही कळत नाही.

सतरा मंडळे आली होती. चिठ्ठीत आमचा अकरावा क्रमांक निघाला. अकरावा क्रमांक फार वाईट. पहिल्याला परीक्षक ताजे असतात, शेवटच्याला ते सुटकेच्या आनंदात असतात. अकराव्याच्या वेळी त्यांचे नुकतेच जेवण झालेले असते.

तेवढ्यात पखवाजाची कणीक विसरल्याचे लक्षात आले. पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुमेवर, ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता खोकतो. कणीक आणायची जबाबदारी कोणाची यावर दहा मिनिटे गेल्यावर ती घरी कोणाच्या तरी डब्यात पोळीच्या रूपाने संपली असावी, असा निष्कर्ष निघाला. पोरगा आणि मी जवळची खानावळ गाठली. खानावळीच्या मावशींनी विचारले, "पोळ्या किती?"

"पोळी नको मावशी, नुसता गोळा द्या. पखवाजाला लावायचाय."

त्यांनी परातीतली कणीक बघितली. "ह्यात मीठ-तेल हाय. थांबा, बिनमिठाची मळून देते. देवाच्या कामाला मीठ नको." पैसे घेतले नाहीत. "नंबर आला की सांगा," म्हणाल्या. सांगलीत आमचा एक प्रेक्षक तरी पक्का झाला.

अकरावे मंडळ पुकारले. आम्ही चढलो. तात्यांचा नकाशा त्यांच्या हातात होता. मास्तर मध्ये बसले, डॉक्टर बसले, दोन्हीकडच्या कमानी झाल्या. अण्णा ओळीतल्या आपल्या जागेवर बसायला वाकले आणि पोरगा पखवाजाला कणीक थापता थापता म्हणाला, "अण्णा, इकडं. माझ्यासमोर."

अण्णांनी तात्यांकडे बघितले. निवेदक माइकवरून 'वेळ सुरू होत आहे' म्हणत होता. तात्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितले, ते बँकेत थकबाकीदारांनी कधी बघितले असेल असे वाटत नाही. त्यांनी नकाशाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि स्वतः उठून अण्णांचा पाट उचलून पखवाजासमोर मांडला.

इतकी वर्षे मी अण्णांच्या शेजारी बसलो. मला त्यांचे कोपर तेवढे माहीत होते. त्या दिवशी प्रथमच ते भजनात माझ्या समोर आले. वीस मिनिटे मी त्यांचा चेहरा बघत होतो. रूपाचा अभंग झाला, तुकोबांचा झाला, नाथांची गौळण झाली. अण्णांची नजर पोराच्या खांद्यावर खिळलेली, पापणी लवत नव्हती. आणि तो पोरगा खांदा जरुरीपेक्षा अर्धा इंच जास्त उचलत होता. पखवाज वाजवणाऱ्याला हे किती जड जाते ते कोणाही वादकाला विचारा. शेवटच्या गजराला लय दुप्पट झाली. मला खूण करायची होती, ती करण्याची वेळ आली असती तर इथेच. मी माझा टाळ ऐकू लागलो आणि तो मला ऐकू येईना. आधी वाटले, माझेही कान गेले. मग उमगले. आपला टाळ वेगळा ऐकू येतो तो चुकल्यावरच. नीट लागला की तो दहांत नाहीसा होतो. दहा टाळांचा एक 'छन्' होत होता, आणि त्यात अण्णांचा कोणता, माझा कोणता, हे निवडून सांगायला कोणी तयार झाला असता तर मी त्याला आमची जुनी ढाल दिली असती.

एवढ्यात टेबलावरची घंटा वाजली. इंग्लंडात घंटा वाजवण्यासाठी स्पर्धा असते. आमच्याकडे स्पर्धा थांबवण्यासाठी घंटा असते. अण्णांना ती ऐकू आली नाही. ते आणखी एक आवर्तन वाजवत राहिले, आणि पोरगाही खांदा उचलत राहिला, म्हणून मग आम्ही सगळेच वाजवत राहिलो.

निकाल सात वाजता लागला. तिसरा क्रमांक ७८ गुणांना गेला. आम्हाला ७७ आणि उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ बक्षीस हे सर्वांत उत्तेजन घालवणारे बक्षीस असते, हे मी अनुभवाने सांगतो. तात्यांनी गुणपत्रिका मागून घेतली आणि सभागृहाबाहेरच्या दिव्याखाली उभे राहून वाचली. टाळांचा मेळ, २० पैकी १९. त्या दिवसातले सर्वांत जास्त. बैठक व गणवेश, १० पैकी ६. शेरा : एक सदस्य पाठमोरे.

हिशेब करायला तात्यांची गरज नव्हती. बैठकीत नेहमीसारखे नऊ मिळाले असते तर तिसरा क्रमांक आमचा होता. आम्ही सगळे तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तात्यांनी पत्रिका अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावून ती पोस्टमनच्या सवयीने उलटसुलट बघितली आणि शेरा वाचून म्हणाले, "पाठीचा पत्ता बरोबर आहे." तात्या हसले. पुष्कळ वेळ हसले. मग आम्ही खानावळीत जाऊन मावशींना उत्तेजनार्थ कळवले. त्यांनी ते पहिल्या नंबरासारखे ऐकून घेतले आणि पुन्हा मीठ घातलेल्या कणकेच्या पोळ्या वाढल्या.

परतताना तात्या पेठ नाक्यापर्यंत गप्प होते. मग त्यांनी डॉक्टरांना विचारले, "तुमच्या लेकीच्या पथकात माणसे उभी कशी राहतात हो?"

"गोल. एकमेकांकडे तोंड करून."

"म्हणजे सगळेच पाठमोरे?"

"बाहेरून बघणाऱ्याला, हो. पण बाहेरून बघत कोणी नाही ना."

तात्यांनी खिशातून नकाशा काढला, गाडीतल्या दिव्याखाली त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक वर्तुळ काढले आणि त्यावर दहा टिंबे दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी संयोजकांना अर्ज लिहिला. त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरी आहे. 'परीक्षकांना सभागृहाबाहेर, आवाज स्वच्छ येईल अशा ठिकाणी बसवण्यात यावे. त्यांच्या चहाची व भडंगाची सोय आमचे मंडळ स्वखर्चाने करील.' उत्तर अजून आलेले नाही.

सराव मात्र गोलात चालू आहे. वीणा खुंटीला आहे. तिची तार आम्ही बसवून घेतली, पण ती कोणाच्या गळ्यात घालायची हा विषय कोणी काढत नाही. फक्त परवा गजर संपल्यावर तात्या माझ्या टाळाकडे बघून दोनदा खाकरले. मला आता बहात्तरावे लागले आहे. पुढच्या गुरुवारपासून मीही जरा पखवाजासमोर सरकून बसावे म्हणतो.